सोंगाड्याचें प्रेमगीत

प्रेमगीत गाण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जुन्या नाट्यसंकेतांनीं केव्हांच निकालांत काढला होता. नायक रूपवान असावा, कुलीन असावा, बोलण्यांत चतुर असावा. प्रेमाचीं पदें त्यानें म्हणावीं. विदूषकानें मोदकांची आठवण काढावी आणि खलनायकानें कारस्थानें रचावीं. ही वांटणी जेव्हां मोडते आणि ज्याच्या तोंडीं प्रेमाचे शब्द शोभत नाहींत तोच मनापासून गाऊं लागतो, तेव्हां हंशा पिकतो. पण हंशाबरोबर त्या अपात्र प्रियकराविषयीं थोडी कणवही मनांत उतरते. विनोदी प्रेमगीताचें सारें मर्म या कणवेंत आहे.

याचें ताजें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ हा ॲनिमेशनपट निघाला. त्यांतील खलनायक बाउझर हा आग ओकणारा, काटेरी पाठीचा कासवराजा. राज्यें बुडवायला निघालेला हा राक्षस मध्येंच पियानोपुढें बसतो आणि राजकन्या पीच हिच्या नांवाचा धांवा करूं लागतो. गाणें जेमतेम दीड मिनिटाचें. त्याचे रचनाकार मात्र पांच. बाउझरला आवाज देणारा नट जॅक ब्लॅक आणि चित्रपटाचे दोघे दिग्दर्शक, ॲरन होर्वाथ व मायकेल जेलेनिक, हे त्या पांचांत आहेत. रचनेची युक्ति साधी आहे. चाल खऱ्या विरहगीताची, गायकाचा सूर प्रामाणिक, आणि हट्ट मात्र लहान मुलाचा. गाणारा स्वतः हंसत नाहीं, म्हणून ऐकणारा हंसतो.

ही युक्ति महाराष्ट्राला नवी नाहीं. तमाशांत गण झाला कीं गौळण येते. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवितो. पण रंग भरतो तो पेंद्यामुळें आणि पुरुषानें नटलेल्या मावशीमुळें. पेंद्या पायानें अधू, जिभेनें बोबडा. तरी गवळणींशीं लाडीगोडी करण्याची हौस त्याला कृष्णाइतकीच. पुढें वगांत हेंच काम सोंगाड्याकडे येतें. राजा, प्रधान, कोतवाल यांपैकीं कोणाचेंही बोलणें मध्येंच तोडण्याची मुभा त्याला असते, आणि नायकिणीवर भाळण्याचीही.

या सोंगाड्याला रुपेरी पडद्यावर नायकाची जागा देणाऱ्या माणसाचें मूळ भोरच्या मातींत होतें. भोर आणि वेल्हें हा मावळ मुलूख. रोहिडा, राजगड आणि तोरणा हे किल्ले त्याच्या कुशींत. त्यामुळें या खोऱ्यांचें नांव घेतलें कीं पोवाडा आठवतो. परंतु पोवाड्याच्या या मुलखांत पोट भरणें सोपें नव्हतें. खाचरांतला भात आणि डोंगरउतारावरची नाचणी यांवर सर्वांचा निर्वाह होत नसे. म्हणून मावळची माणसें मुंबईच्या गिरण्यांची वाट धरीत. भोरजवळच्या इंगवली गांवचें कोंडके कुटुंबही गिरणगांवांत स्थिरावलें, आणि १९३२ सालीं नायगांवच्या चाळींत कृष्णा कोंडके जन्मला. पुढें सारा महाराष्ट्र त्याला दादा म्हणूं लागला. नांव कृष्णाचें, पण वांट्याला आला तो पेंद्याचा वारसा.

सेवादलाच्या कलापथकांत दादांची उमेदवारी झाली. १९६५ सालीं वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य रंगभूमीवर आलें आणि त्यांतील हवालदारानें दादांना घरोघर पोंचविलें. तो प्रयोग पाहून आशा भोसले यांनीं त्यांचें नांव भालजी पेंढारकरांना सुचविलें. १९६९ च्या ‘तांबडी माती’ या चित्रपटांतील काम त्यांतून मिळालें. १९७१ सालीं दादांनीं स्वतःच ‘सोंगाड्या’ काढला. लेखन सबनिसांचें, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचें, संगीत राम कदमांचें. आईच्या धाकांत वाढलेला भाबडा नाम्या तमाशाच्या नादीं लागतो, घराला मुकतो आणि कलावती नर्तकीच्या आश्रयाला जातो. प्रियकराचें एकही शास्त्रोक्त लक्षण त्याच्या ठायीं नाहीं.

अशा नायकांचें प्रेमगीत तीन गोष्टींनीं घडलें. पहिली गोष्ट ठेका. तो ढोलकीचा, तमाशाच्या बोर्डावरून उचललेला. दुसरी गोष्ट शब्द. ते शेतावर आणि माजघरांत रोज बोलले जाणारे, आणि त्यांचा दुसरा अर्थ ऐकणाऱ्यानें आपल्या मनाशीं लावायचा. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट गळा. ‘पांडू हवालदार’ या १९७५ च्या चित्रपटापासून राम-लक्ष्मण हे दादांचे संगीतकार झाले, आणि दादांच्या अनेक गाण्यांना महेंद्र कपूर यांचा आवाज लाभला. देशभक्तीच्या गीतांनीं गाजलेला तो भारदस्त गळा. पडद्यावर लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी, आणि कानांवर वीराचा आवाज! बाउझरच्या पियानोनें जें साधलें तेंच येथें या आवाजानें साधलें.

शिष्ट घरांनीं या गाण्यांना ग्राम्य म्हणून नाकें मुरडलीं, आणि त्यांतील द्व्यर्थ पाहतां तो आक्षेप अगदींच निराधार नव्हता. चित्रगृहांचे दरवाजेही सहज उघडले नाहींत. दादरच्या ‘कोहिनूर’मध्यें ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून दादांना बाळ ठाकरे यांच्याकडे धांव घ्यावी लागली; शिवसैनिक पुढें झाले, तेव्हां तो लागला. पुढें दादांच्या नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव केले आणि गिनीजच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. ज्या गांवढळ माणसाला शहरानें आजवर केवळ हंसण्यापुरतें जवळ केलें, तो येथें नायिकेचा हात धरीत होता. आणि लालबाग-परळचे कामगार त्याच्यांत स्वतःला ओळखीत होते.

१९८२ च्या संपानंतर गिरणगांवाची घडी विसकटली; १९९८ सालीं दादाही गेले. मात्र त्यांच्या गाण्यांची एक खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कासवराजा आपल्या पियानोवर एकटाच गातो. राजकन्या त्याला उत्तर देत नाहीं. मराठी सोंगाड्याला मात्र तमाशाच्या सवाल-जबाबाची परंपरा पाठीशीं होती. महेंद्र कपूर यांची ओळ संपते न संपते तोंच उषा मंगेशकर यांच्या आवाजांत नायिका त्याला उलट जबाब देते, टोमणा मारते आणि त्याच्याच ठेक्यावर पाऊल टाकते. पेंद्याच्या हांकेला अखेर एका गवळणीनें ओ दिली होती.