मिरचीची जाऊ

चॉकलेट गोड असते ही समजूत फार तर साडेचारशे वर्षांची आहे. त्याआधी हजारो वर्षे चॉकलेट कडू होते, तिखट होते, आणि ते खात नसत, पीत असत. हे वाक्य मी आमच्या सायखेड्याच्या पारावर एकदा म्हणून पाहिले. मंडळींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी विषय बदलून कांद्याच्या भावावर आलो. आमच्याकडे कुठलाही विषय शेवटी तिथेच येतो.

पण इतिहास काही भावावर अवलंबून नसतो. मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दगडावर वाटत. हा दगड म्हणजे आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ. वाटलेल्या गोळ्यात मक्याचे पीठ घालायचे, मिरची घालायची, पाणी घालायचे आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढायचा. आपले चहावाले चहा हातभर लांब करून दाखवतात, त्यातलाच प्रकार. साखरेचा प्रश्नच नव्हता. त्या मुलखात ऊसच नव्हता, मग साखर कारखाना कुठला आणि त्याची निवडणूक कुठली! केवढे सुखी लोक!

शिवाय या बिया म्हणजे त्यांचे चलन. 1545 सालची, त्लाश्काला गावची एक दरांची यादी उपलब्ध आहे. एक मोठा टोमॅटो, एक बी. टर्कीची एक चांगली मादी, शंभर बिया. बिया सुरकुतलेल्या असतील तर एकशेवीस. म्हणजे 'प्रतवारीनुसार भाव' ही भानगड आमच्या निफाड तालुक्याने काढलेली नाही. लबाडीही तीच. बीचे टरफल पोखरून त्यात माती भरायची आणि खरी बी म्हणून खपवायची. गोणीच्या तोंडाशी टपोरा कांदा आणि तळाशी गोलटी, हे शास्त्र किती प्राचीन आहे पाहा. फरक एवढाच की, त्यांना बाजार पडला तर घरी येऊन रोकड वाटून पिता येत असे. आम्हाला नुसतेच घरी यावे लागते.

आता यात आपला संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध जवळचा आहे. गोदामाई पंचवटीवरून आमच्याकडे येते. त्या पंचवटीत सीतामाईने जो स्वयंपाक केला असेल, त्यात मिरची नव्हती. टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. पुराणातले सोडा; बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या स्वयंपाकघराचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्यात मिरी आहेत, हिंग आहे, मिरचीचा पत्ता नाही. कोलंबस 1492 साली निघाला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरी सापडली नाहीत, मिरची सापडली. पण माघार कशी घ्यायची? स्पॅनिश लोकांनी तिला मिऱ्यांचेच नाव चिकटवले. पोर्तुगिजांनी 1510 साली गोवा घेतले, त्यांच्या गलबतांतून त्याच शतकात मिरची इकडे आली आणि आपणही मिऱ्यांवरूनच तिला 'मिरची' म्हणून मोकळे झालो. मग टोमॅटो आला, शेंगदाणा आला. आज आम्ही ज्याला अस्सल गावरान वांग्याचा रस्सा म्हणतो, त्यात गावरान असे वांगेच तेवढे राहिले आहे.

उलट दिशेने आपलाही माल गेला. लवंग, दालचिनी, मिरी, धने, तीळ, कांदा, लसूण हे सारे जुन्या जगातून मेक्सिकोला पोहोचले. तिकडच्या प्वेब्ला शहरातल्या सांता रोसा मठाची एक दंतकथा आहे. सतराव्या शतकात कधीतरी बिशपसाहेब जेवायला येणार होते. घरात धड काही नव्हते. तेव्हा जोगिणींनी जे हाताला लागले ते भाजले, वाटले आणि त्यात चॉकलेट घातले. त्याचे नाव 'मोले'. दंतकथा खरी नसेल. 'मोल्ली' हा शब्द अझ्टेकांच्याच भाषेतला, अर्थ वाटण किंवा रस्सा. पण अचानक आलेला पाहुणा आणि घरात धड काही नसणे, एवढा भाग मला संपूर्ण खरा वाटतो.

मोलेची कृती वाचली आणि मी उडालोच. सुक्या मिरच्या भाजा. तीळ, शेंगदाणे भाजा. कांदा-लसूण करपू लागेपर्यंत भाजा. लवंग, दालचिनी, धने. दाटपणाला शिळ्या भाकरीचा तुकडा. अहो, हा तर आमचा काळा मसाला! तेवढे सुके खोबरे नाही, आणि चॉकलेट जास्त. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा ही सगळी भावंडं आपल्याकडे नांदायला आली आणि चॉकलेट तेवढे मागे राहिले. ते आले विलायतेला जाऊन, दुधासाखरेत न्हाऊन, साहेबाच्या वेष्टनात. 1948 साली कॅडबरीने हिंदुस्थानात धंदा सुरू केला तोवर त्याचे मूळचे वळण पार मोडले होते. तेव्हा मी ठरवले की, या जावेची मिरचीशी पुन्हा भेट घडवून आणायची.

आमच्या घरात काळ्या मसाल्याची सत्ता ब्याऐंशी वर्षांच्या आत्याकडे आहे. आत्या माळकरी, म्हणून कोंबडी बाद, वांगी घेतली. मसाला तिचाच. गेल्या उन्हाळ्यात तिचे हात चालेनात म्हणून मसाला झालाच नव्हता आणि बरणीत चार बोटे उरला होता. प्रमाण विचारले की ती म्हणे, "हाताला कळतं." ते हाताला कळणे घरात दुसऱ्या कुणाच्याच हाताला ठाऊक नव्हते. अशा मसाल्यात प्रयोग करणे म्हणजे गंगाजळी मोडून सट्टा खेळणे. पण सहा माणसांच्या रश्श्यात, अगदी शेवटी, मंद आचेवर मी वीस ग्रॅम कडू चॉकलेट सोडले. गोड नव्हे, जवळजवळ बिनसाखरेचे. ते विरघळले, रस्सा काळाभोर आणि तुकतुकीत झाला. गोडवा औषधालाही नव्हता. मिरचीचा ठसका मात्र घशाशी जाऊन भांडायचा, तो आता जिभेवरच शांत बसला. भाजलेले खोबरे, करपवलेला कांदा आणि भाजलेली कोको-बी, तिन्ही एकाच आगीतून आलेली. त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही.

आत्याने बाजरीची भाकरी कुस्करली, चार घास खाल्ले. सगळे ताटावर हात धरून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"काय घातलंस रे?"

"चॉकलेट."

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग हसली. म्हणाली, "माझ्या सासूबाई भेदऱ्याला शिवत नव्हत्या. तुमचा तो टोमॅटो. मांसासारखा दिसतो म्हणायच्या. मी एकदा त्यांच्या पाठीमागं वाटून घातला. जेवल्या नि म्हणाल्या, आज रस्सा बरा उतरलाय. मी पुढं कधी सांगितलंच नाही. तू निदान सांगून तरी घालतोस."

मग तिने भाकरी पुन्हा मागितली आणि म्हणाली, "जेवण झालं की वही आण. मसाला सांगते. हात गेले, तरी जीभ आहे अजून."

एक किलो मिरचीला धने किती, खोबरे किती, तीळ कधी आणि दगडफूल किती हलक्या हाताने, हे सारे आता आमच्या घरात निळ्या शाईत लिहिलेले आहे. यादी संपल्यावर मी विचारले, "चॉकलेट लिहू का?"

"लिही की," आत्या म्हणाली, "पण कंसात लिही. दोन पिढ्या टिकलं तर कंस काढतील."

इतिहास म्हणजे तरी दुसरे काय असते? मिरचीचा कंस कुणी काढला, हे आज कुणाला आठवते आहे?