एक वर्ष आणि एक दिवस

कोणत्या देशाने युद्धनौका किती दिवसांत आणि किती पैशांत बांधली, याचे तक्ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्यातले आकडे खरे असले, तरी तुलना खरी असतेच असे नाही. एक प्रसिद्ध उदाहरण तपासून पाहू.

ब्रिटिश आरमाराचे प्रमुख जॅकी फिशर यांच्या आग्रहामुळे ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका आकाराला आली. तिच्यावर १२ इंची दहा तोफा होत्या. त्याआधीच्या मोठ्या युद्धनौकांवर इतक्या मोठ्या तोफा सहसा चारच असत. पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत २ ऑक्टोबर १९०५ रोजी तिची कील, म्हणजे तळाचा कणा, बसवली गेली. १० फेब्रुवारी १९०६ ला जलावतरण झाले आणि ३ ऑक्टोबर १९०६ ला ती चाचणीसाठी समुद्रात निघाली. एक वर्ष आणि एक दिवस! डिसेंबरात ती आरमारात दाखलही झाली.

आता तिच्या शेजारी ‘लॉर्ड नेल्सन’ ठेवू. हिची कील मे १९०५ मध्ये, म्हणजे ड्रेडनॉटच्या आधी बसली. पण ती दाखल झाली डिसेंबर १९०८ मध्ये. देश एकच, काळ एकच. मग १४ महिने आणि ४३ महिने असा फरक का?

पहिले कारण मोजणीत आहे. कील बसवण्याच्या कित्येक महिने आधीपासून ड्रेडनॉटसाठी पोलाद गोळा करणे, पत्रे कापून तयार ठेवणे चालू होते. घड्याळ मात्र कील बसल्यावर सुरू झाले. दुसरे कारण श्रमांचे. गोदीत सुमारे ३,००० कामगार आठवड्याचे सहा दिवस, एकूण ६९ तास राबत होते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. तोफांचे फिरते बुरूज तयार व्हायला फार वेळ लागतो. ड्रेडनॉटने ते लॉर्ड नेल्सन आणि तिची जुळी बहीण ‘अ‍ॅगामेम्नॉन’ यांच्यासाठी तयार होत असलेल्यांतून घेतले. एकीची घाई दुसरीच्या विलंबात जमा झाली. तक्त्यात हे दोन आकडे स्वतंत्र दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

खर्चाचे काय? ड्रेडनॉटला सुमारे १८ लाख पौंड लागले, लॉर्ड नेल्सनला साडेसोळा लाख. पण पहिलीचे विस्थापन सुमारे १८ हजार टन, तर दुसरीचे साडेपंधरा हजार. भागाकार करून पाहिला तर दोन्हींचा खर्च टनामागे शंभर पौंडांच्या आसपास येतो. मात्र ड्रेडनॉटने ब्रिटनच्याच जुन्या युद्धनौका कालबाह्य ठरवल्या आणि जर्मनीशी नवी स्पर्धा पेटली. त्या स्पर्धेचा खर्च या १८ लाखांत कुठेच नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. माझगाव गोदीत ‘कोलकाता’ या विनाशिकेची कील सप्टेंबर २००३ मध्ये बसली. जलावतरण मार्च २००६ मध्ये झाले. पण नौदलात ती दाखल झाली ऑगस्ट २०१४ मध्ये. अडीच वर्षांत सांगाडा पाण्यात आणि पुढची आठ वर्षे साजशृंगाराला! तिच्यावरून लांब पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी तर डिसेंबर २०१५ मध्ये झाली. या वर्गातील तीन नौकांचा मंजूर खर्च ३,५८० कोटी रुपये होता. तो सुधारून ११,६६२ कोटी करावा लागला. रशियाकडून पोलाद उशिरा येणे, शस्त्रे व संवेदक यांची किंमत उशिरा ठरणे, अशी कारणे त्यासाठी दिली गेली.

म्हणून ‘ब्रिटिशांनी एका वर्षात बांधली, आपल्याला अकरा वर्षे लागली’ असे म्हणणे सोपे असले तरी पोकळ आहे. ड्रेडनॉटला दुसऱ्या जहाजांचे बुरूज मिळाले; कोलकाताला अजून विकसित होत असलेल्या क्षेपणास्त्राची वाट पाहावी लागली. याचा अर्थ विलंब क्षम्य ठरतो असा नव्हे. तो नेमका कुठे झाला हे शोधण्याची जबाबदारी उलट वाढते.

वर्गात असा तक्ता करून घेताना कील, जलावतरण आणि दाखल होणे यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत. खर्चापुढे त्या पैशांत काय काय धरले आहे तेही लिहावे. रिकामे राहिलेले रकानेच विद्यार्थ्यांना योग्य प्रश्न विचारायला लावतील.