'फँड्री' : एका प्रेमकथेचे प्रदर्शन आणि तिची समीक्षा

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'फँड्री' हा मराठी चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. प्रेमदिनाचा मुहूर्त आणि मूळ चित्रपटात नसलेले, केवळ प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेले गीत लक्षात घेता, तो प्रेमकथा म्हणूनच प्रेक्षकांपुढे आणला गेला, हे स्पष्ट होते. समीक्षेने मात्र त्याला प्रामुख्याने जातवास्तवाचा चित्रपट म्हणून स्वीकारले. या दोन ओळखींपैकी एक खरी आणि दुसरी बाजारपेठेची, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मंजुळे हे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. संज्ञापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील महाविद्यालयात घेतले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला होता. 'फँड्री'चे कथानकही नगर शहरानजीकच्या अकोळनेर गावात घडते. (संगमनेरलगतच्या अकोले तालुक्याशी या गावाची गल्लत होऊ नये.) थोडक्यात, हा चित्रपट विषयाने व भूमीने या जिल्ह्याचा आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर चार महिन्यांनी तो चित्रपटगृहांत आला. 'श्वास' (२००४) नंतर महोत्सवातून चित्रपटगृहाकडे येणाऱ्या मराठी चित्रपटांची वाट थोडीफार रुळली होती, त्याचाही लाभ झाला असावा.

कथानक अल्प आहे. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातील शालू या सवर्ण मुलीवर मनोमन प्रेम करतो. काळी चिमणी पकडून जाळावी व तिची राख शालूवर टाकावी, म्हणजे ती वश होईल, या समजुतीपायी तो रानोमाळ हिंडतो. जीन्स पँट घ्यावी, नीटनेटके दिसावे, ही त्याची धडपड. दुसरीकडे वडील कचरू (किशोर कदम) यांच्यावर मुलीच्या लग्नाचा भार आहे आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम त्यांना नाकारता येत नाही. 'फँड्री' या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर. जत्रेच्या मिरवणुकीत शालूचे लक्ष वेधण्यासाठी नाचणाऱ्या जब्याच्या डोक्यावर वडिलांच्या सांगण्यावरून गॅसबत्ती येते. चित्रपटाचे सगळे म्हणणे या एका प्रसंगात आले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समीक्षकांनी सोमनाथ अवघडे व किशोर कदम यांच्या अभिनयाचे कौतुक केले. राष्ट्रगीत सुरू होताच डुकराचा पाठलाग थांबतो तो प्रसंग, महापुरुषांची चित्रे रंगविलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून डुक्कर वाहून नेण्याचे दृश्य आणि अखेरीस कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड यांवर विपुल लिहिले गेले. ही दृश्ये चर्चेस योग्यच होती. परंतु या विवेचनात प्रेमाचा धागा केवळ निमित्त ठरला. वस्तुतः जब्याला आधी अपमान आणि नंतर प्रेम असे भेटत नाही. डुक्कर पकडणे त्याला असह्य होते ते शालू पाहत आहे म्हणून. शेवटच्या पाठलागात ती इतरांबरोबर हसते, तेव्हा काळ्या चिमणीचा उपाय संपतो व हाती दगड येतो. प्रेमभावना वजा केली तर तो दगड केवळ घोषणा उरेल. म्हणून प्रसिद्धीतील प्रेमकथा ही फसवणूक नव्हती. ती अर्धवट सांगितलेली सत्यकथा होती.

या वाचनाला जिल्ह्यातील घटनांचा आधार आहे. जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधांच्या रागातून तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. एप्रिल २०१४ च्या मध्यास 'फँड्री'ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार व अवघडे यास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. तेव्हा 'फँड्री'चा उल्लेख होणे अटळ होते. पडद्यावरील मुलाने न बोलता केलेले प्रेम गावात किती महाग पडू शकते, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. खर्डा प्रकरणातील आरोपींची नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार फितूर झाले होते.

एक आक्षेप मात्र ग्राह्य मानावा लागतो. शालूला स्वतःचे मन नाही. ती जब्याच्या नजरेतूनच दिसते आणि त्या दोघांत संभाषणही घडत नाही. हे मौन जातीच्या अंतराचे द्योतक म्हणून समर्थनीय ठरते, परंतु ते मुलीला केवळ साध्याच्या स्थानी ठेवते हेही खरे. २०१६ साली प्रदर्शित झालेल्या 'सैराट'मध्ये मंजुळे यांनी ही बाजू बदलली. तेथे सवर्ण घरातील आर्ची प्रथम बोलते, बुलेट चालवते आणि निर्णयही घेते. त्या चित्रपटाने मराठीत तोवर न पाहिलेले उत्पन्न मिळविले. 'फँड्री'तील शालू मात्र कुंपणापलीकडे हसतच राहिली.