विश्लेषण : नाडी लागत नाही, तेव्हा स्कॅन काय सांगतो?

वय पंचविशीतले, एका हाताची नाडी जवळपास लागत नाही आणि रक्तदाब मात्र वाढलेला. अशा तरुणीत डॉक्टरांना ‘ताकायासू आर्टेरायटिस’ची शंका येते. महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतीला सूज आणणारा हा आजार दुर्मीळ असला, तरी भारतासह आशियात तो तुलनेने अधिक दिसतो.

आजार कसा वाढतो?

जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांमधले बदल नोंदवले. त्यांचेच नाव आजाराला मिळाले. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतील स्त्रिया असतात. सुरुवातीला बारीक ताप, थकवा, वजन घटणे एवढेच जाणवते. पुढे धमनीची भिंत जाड होऊन रक्ताची वाट अरुंद होते. भारतात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्यांवर परिणाम जास्त आढळतो. म्हणून कमी वयात रक्तदाब वाढतो.

कोणती तपासणी काय दाखवते?

• कलर डॉपलर : मान आणि हातांच्या धमन्यांची भिंत दिसते. किरणोत्सर्ग नाही, मात्र छातीतील महाधमनी नीट दिसत नाही.
• एमआर अँजिओग्राफी : भिंतीची जाडी आणि अरुंद वाट दोन्ही कळतात. किरणोत्सर्ग नसल्याने तरुण रुग्णांसाठी हिला पहिली पसंती.
• सीटी अँजिओग्राफी : झटपट आणि स्पष्ट, पण किरणोत्सर्ग होतो आणि शिरेतून औषध द्यावे लागते.
• पेट स्कॅन : सूज असलेल्या पेशी साखर जास्त शोषतात, त्यामुळे ती जागा उठून दिसते.

धमनीत नळी घालून केली जाणारी जुनी अँजिओग्राफी फक्त आतली वाट दाखवते. वाट अरुंद होण्याआधीची भिंतीची सूज तिच्यातून निसटते.

निकष का बदलले?

१९९० च्या निकषांत ६ पैकी ३ बाबी पुरत; अँजिओग्राफी त्यातली एक होती. २०२२ च्या निकषांत इमेजिंगमधील पुरावा अनिवार्य झाला. हे निकष मुळात संशोधनासाठी असले, तरी स्कॅनचे वाढलेले महत्त्व त्यातून दिसते.

अजिंठ्यातल्या रुग्णाने काय करावे?

सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावापासून छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय सुमारे १०० किलोमीटरवर आहे. मोठ्या स्कॅनसाठी शहर गाठावे लागते; पण कोणाला पाठवायचे, हे गावातल्या दवाखान्यातही ओळखता येते. त्यासाठी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला हवा. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक असणे, नाडी मंद लागणे, ही तपासणी पुढे नेण्याची कारणे आहेत. धमनी अरुंद झालेल्या हाताचाच रक्तदाब मोजला, तर तो ‘नॉर्मल’ दिसून खरा उच्च रक्तदाब लपू शकतो.

स्टिरॉइड आणि इतर औषधांनी सूज आटोक्यात येते. पण एकदा अरुंद झालेली वाट पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून भिंत सुजलेली असतानाच निदान होणे महत्त्वाचे.