एकच पेपर, एकच न्याय?

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेवर कितीही चिखल उडाला तरी तिच्या समर्थकांचा पूर्वपक्ष जागचा हलत नाही. देशभर एकच पेपर, एकच वेळ आणि ओएमआर उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र. त्याला ना जात दिसते, ना आडनाव, ना वशिला. पेपरफुटी हा अंमलबजावणीतला दोष झाला, परीक्षा म्हणून हिच्याइतकी न्याय्य दुसरी नाही.

यात दम आहे, हे आधी मान्य करू. बारावीच्या प्रात्यक्षिकाला ३० पैकी २८-२९ गुणांची खिरापत कशी वाटली जाते, हे ज्युनियर कॉलेजात वावरलेल्या कुणाला सांगायला नको. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या प्रवेशपरीक्षा आणि देणग्यांचा बाजार आठवला, तर सामायिक परीक्षा हा दिलासाच होता. तेव्हा आक्षेप सामायिक असण्याला नाही. सर्वांना एकच पेपर दिला की सर्वांचे मोजमापही सारखे होते, या अनुमानाला आहे.

२०२४ च्या पेपरातला अणूचा प्रश्न घ्या. पेपरफुटीच्या गदारोळात तो मागे पडला, पण मला तोच अधिक बोलका वाटतो. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले विधान. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरे. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ होते, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक’. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, तेव्हा शास्त्र नव्या पुस्तकाच्या बाजूने. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी ‘दोन्ही विधाने बरोबर’ आणि ‘फक्त पहिले बरोबर’ ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली; सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि नव्या पुस्तकाचे एकच उत्तर कायम झाले. चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार, वर चुकीचा एक दंड. पैकीच्या पैकीवाले ६१ होते, ते १७ उरले.

निकाल शास्त्राला धरूनच होता. पण जुनी आवृत्ती असते कुणाकडे? थोरल्या भावंडाचे पुस्तक वापरणाऱ्याकडे, रद्दीच्या दुकानातून घेणाऱ्याकडे. अर्थात पैकीच्या पैकी असलेल्या ४४ जणांनीही जुन्या पुस्तकाचेच उत्तर दिले होते, म्हणजे हा निव्वळ गरिबीचा मामला नव्हे. उलट बाजूही पाहा: ज्यांचे उत्तर बरोबर ठरले त्यांतल्या किती जणांना किरणोत्सार आठवला आणि किती जणांनी नव्या पुस्तकातले वाक्य पाठ केले होते? ओएमआरवरच्या काळ्या गोलातून ते कळत नाही. कळायला मुलाला ‘का?’ विचारावे लागते, आणि तो प्रश्न या परीक्षेत बसत नाही.

भाषेचेही तसेच. मराठीतून पेपर मिळतो खरा, पण भाषांतरात संदिग्धता निघाली तर इंग्रजी पाठच अंतिम. २०१८ मध्ये तमिळ पेपरातल्या ४९ सदोष प्रश्नांसाठी मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला; सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरसकट १९६ गुण देणे चूक होतेच. पण मग त्या मुलांनी सोडवलेला पेपर ‘एकच’ कसा?

आता मंडन. २०२४ मध्ये तेवीस लाखांवर मुले, उणे १८० पासून ७२० पर्यंत गुण. म्हणजे गुणागणिक सरासरी अडीच हजार मुले. एका वाक्याच्या आवृत्तीभेदाने पाच गुण फिरतात, तिथे ६४१ आणि ६४५ यांत गुणवत्तेचा फरक शोधणे हा गणिताचा गैरवापर आहे. परीक्षा ठेवावी, पण तिच्याकडून उंबरठ्याचे काम घ्यावे. उंबरठ्यावर जवळपास सारखे गुण असलेल्यांत सोडत काढावी.

‘डॉक्टर काय लॉटरीने निवडायचे?’ हा प्रश्न येणारच. नेदरलँड्सने १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत वैद्यकीय प्रवेशांत गुणांनुसार भारित सोडत वापरली. पुढे फक्त निवडचाचण्या उरल्या. २०२३ पासून सोडतीची मुभा पुन्हा मिळाली. आपल्याकडेही खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागा सोडतीनेच भरतात, आणि तिथे गुणवत्ता बुडाली अशी ओरड कुणी करत नाही. वैद्यकीयला सोडत फक्त त्या अरुंद पट्ट्यापुरती लागेल. त्याच्या वरच्यांचा प्रवेश आजच्यासारखाच गुणांवर होईल.