जमैका गृहभेट अभ्यास
बालविकासाच्या क्षेत्रातील पायाभूत दीर्घकालीन संशोधन. वेस्ट इंडीज विद्यापीठातील सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६–८७ मध्ये जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील गरीब वस्त्यांत ते सुरू केले.

वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ बालकांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी केली गेली : केवळ पूरक आहार, केवळ खेळ व संवाद, दोन्ही एकत्र आणि यांपैकी काहीही न मिळालेला तुलनागट. आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला सुमारे तासभर घरी येत. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी वापरून मुलाशी कसे खेळावे, बोलावे, त्याचे कौतुक कसे करावे, हे त्या आईला करून दाखवत. आहारगटातील मुलांना दुधावर आधारित पूरक अन्न मिळे.

दोन वर्षांअखेर आहार व खेळ या दोन्हींचा लाभ दिसला. दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वाधिक होती. आहाराचा परिणाम पुढे ओसरला, खेळ-संवादाचा मात्र टिकला. विशीत खेळ-संवाद मिळालेल्या मुलांची बुद्धिमत्ता व शिक्षण इतरांपेक्षा सरस आढळले, नैराश्य व हिंसक वर्तन कमी होते. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्यांची कमाईही सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती.

बांगलादेश व कोलंबियातही ही पद्धत राबवली गेली. गरीब घरातील आईला मिळालेला आधार मुलाचे आयुष्य घडवतो, हे या अभ्यासाने पुराव्यानिशी दाखवले. बालधोरणात त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे.