लहान गाडीचे धुराडे

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात भोजनाच्या लांब मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी पाहिली असेल. माधवराव महाराज शिंदे यांच्या हौसेची ही गाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि चिरूट नेत असे. रूळ आहेत, डबे आहेत, ऐश्वर्य तर आहेच. परंतु ती चालते विजेवर, आणि तिच्यातून धूर निघत नाही. आगगाडी म्हटली की ज्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम धूर उभा राहतो, त्यांना ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. ती भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

जेथे विस्तवच नाही तेथे धूर कोठून आणावा, हा मूळ प्रश्न. घरात मुलांच्या हाती निखारा देता येत नाही. म्हणून धुराचा केवळ भास निर्माण करणे प्राप्त होते. या खटपटीला खरे यश दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आले. न्यूयॉर्क येथे १९०० साली जोशुआ लायोनेल कोवेन यांनी स्थापिलेल्या लायोनेल कंपनीने युद्धकाळात खेळण्यांचे काम थांबवून नौदलासाठी उपकरणे केली होती. शांतता होताच, १९४६ साली, तिने धूर सोडणारे इंजिन बाजारात आणले. त्याचा आदर्श होते पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे टर्बाइनवर चालणारे एस-२ हे प्रचंड बाष्पयान.

या पहिल्या इंजिनातील युक्ती मोठी साधी होती. पुढच्या दिव्याच्या काचेवरच एक खळगी ठेवलेली असे. तीत अमोनियम नायट्रेटची बारीक गोळी टाकली की दिव्याच्या उष्णतेने ती वितळून पांढरी वाफ धुराड्यावाटे बाहेर पडे. एकाच दिव्याकडून प्रकाश आणि उष्णता अशी दोन्ही कामे करून घेण्याचा हा विचार कागदावर सुरेख होता; व्यवहारात मात्र दिव्याची धग अपुरी पडू लागली, धूर क्षीण निघू लागला, आणि त्या बाष्पाने आसपासचा धातूही गंजू लागला. कंपनीने हट्ट धरला नाही. १९४७ साली दिव्याची योजना सोडून तिने नायक्रोम तारेचे स्वतंत्र तापक यंत्र बसविले आणि गोळ्यांचे द्रव्यही बदलले. चाकांबरोबर खालीवर होणारा दट्ट्या हवेची फुंकर मारी आणि चाकांच्या तालावर धुराचे लोट निघत.

प्रतिस्पर्धी अमेरिकन फ्लायरने १९४६ सालीच धूम्रयंत्र इंजिनामागील कोळशाच्या डब्यात ठेवून नळीने धूर पुढे नेण्याचा मार्ग काढला होता. लवकरच त्यांनाही ते यंत्र इंजिनाच्या पोटात आणावे लागले. पुढे १९५८ साली लायोनेलने गार्डाच्या डब्याच्या धुराड्यातूनही धूर काढला. खऱ्या मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात शेगडी असे, तिचे हे अनुकरण.

डब्यातील धुराच्या तक्रारी मात्र इंजिनाहून वेगळ्या. डबा वजनाला हलका. त्यामुळे त्याचे चाक किंवा वीज घेणारी रुळी रुळाला घट्ट टेकत नाही. म्हणून धूर थांबला तर प्रथम वीज पोचते की नाही हे पाहावे. डब्यातील दिवा लुकलुकत असल्यास दोष बहुधा मळलेल्या रुळांचा वा चाकांचा असतो. मद्यार्काने किंचित ओलावलेल्या फडक्याने ते पुसावेत. वीज पोचूनही डबा थंडच राहिला तर तापकाची तार तुटली, असे समजावे. डबा तापतो पण धूर नाही, तर दोष वातीत आहे.

ही वात आपल्या समईच्या वातीसारखीच असते. तेल संपल्यावर तापक चालू ठेवला की ती करपून तिच्यावर काळा थर बसतो, आणि मग कितीही तेल घातले तरी ती ते शोषत नाही. ती बदलणे हाच उपाय. उलट तेल फार झाले तर वात बुडते, तापक थंड पडतो आणि धुराऐवजी तेलाचे थेंब उडतात. तेव्हा जादा तेल टिपून काढावे आणि यंत्रास थोडा अवधी द्यावा. धूर येतो पण मंद लोळतो, लोट सुटत नाहीत, ही तक्रार इंजिनाची. तेथे हवेचे छिद्र काजळीने बुजलेले असते किंवा दट्ट्या अडकलेला असतो. बारीक सुईने छिद्र मोकळे करावे. हे सर्व वीज तोडून आणि यंत्र निवल्यावरच करावे. त्यासाठी तयार केलेलेच तेल वापरावे. रॉकेल वा अत्तर घालू नये. जुन्या काही यंत्रांत ॲस्बेस्टॉसचे अस्तर असे. ते खरवडणे फुप्फुसांस घातक आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा धूर ज्वलनातून निघालेला नव्हेच. तापलेले तेल वाफ होऊन हवेत येते, थंड होताच त्याचे सूक्ष्म कण होतात, आणि तेच आपणांस धूर म्हणून दिसतात. तो धुक्याचा भाऊबंद आहे. तरीही बंद खोलीत तो फार वेळ सोडणे शहाणपणाचे नाही.

ज्या एस-२ यंत्राचे हे अनुकरण झाले, ते १९४४ साली एकच बांधले गेले. १९४९ साली ते सेवेतून निघाले आणि १९५२ साली मोडीत गेले. आपल्या देशातही ब्रॉडगेजवरील बाष्पयानांची नित्य सेवा १९९५ साली संपली. ज्या पिढीने ब्रागांझा घाटात किंवा बेळगाव स्थानकावर त्यांचा धूर पाहिला, ती आता वृद्ध झाली आहे. मोठे यंत्र लोपले. त्याचे लहान प्रतिरूप मात्र हौशी माणसे आजही सुई आणि फडके हाती घेऊन दुरुस्त करीत बसतात. हा पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु नातवाला धूर दाखवीत "आमच्या वेळी गाडी अशी येत असे" हे सांगता यावे, यासाठी एका वातीची काळजी घेणे हे काम आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.